मिशाळ राजाचा रुपया

पोर्तुगिजांनी गोव्यासाठी पाडलेले चांदीचे रुपये मी जमवतो. लातुरात राहून हा छंद जोपासणं म्हणजे नुसता ताप. इथे कुणालाही जुनं नाणं विचारा, निजामाचा चारमिनारवाला रुपया पुढे करतात. गोव्याचे मुळातच थोडे, त्यातले कितीतरी सोनारांच्या मुशीत गेलेले. मला हवा असलेला, पोर्तुगालच्या मिशाळ राजाचं तोंड असलेला रुपया शेवटी सापडला, पण माझ्या मावशीच्या गळ्यात.

तिच्या सासऱ्यांनी कधीकाळी तो गोव्याकडून आणलेला. रुपयांच्या माळेत मधोमध बसवलेला. मावशीचं गाव औशाच्या पलीकडे. भूकंपात घर गेलं, भांडीकुंडी गेली. तिला ढिगाऱ्यातून काढलं तेव्हा ती माळ तेवढी अंगावर होती.

"एवढा एक दे, त्याच्या जागी दुसरा बसवून देतो," मी म्हणायचो.

"राजा कुणाचा बी असू दे. माळ तोडायची न्हाई."

पुढे लातूर क्लासेसचं गाव झालं. मावशीची नात मेडिकलच्या तयारीसाठी आमच्याकडे राहायला आली, सोबत मावशी. दोन वर्षं तो रुपया रोज माझ्यासमोर जेवायला बसत होता. तो किती दुर्मीळ आहे हे मी इतक्यांदा सांगितलं की बायको ताट घेऊन आत जायची. मावशी मान डोलवायची. त्यातून तिला एवढंच कळलं, की चांदी चांगली आहे.

नातीचा नांदेडला नंबर लागला. निघायच्या आधी मावशी एकटीच सराफाकडे जाऊन आली. गळा मोकळा होता. मी आधीच हात पुढे केला. तिने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. चांदीची वाटी. नवीकोरी, काठावर माझं नाव कोरलेली.

"माळ कुठंय?"

"हीच की. समदी आटवली. तुझा त्या चांदीवर लई जीव. पोरीला एवढं सांभाळलंस, मग एकच रुपया काय द्यायचा?"

मला ओरडावंसं वाटलं. जी माळ भूकंपातही तिच्या गळ्यातून सुटली नव्हती, ती तिने माझ्यासाठी मोडली होती. आणि मी मनातल्या मनात एका मेलेल्या राजाच्या मिशांसाठी तळमळत होतो. वर आभारही मानायचे होते. ते मानले.

एसटीत बसल्यावर तिने मला खिडकीजवळ बोलावलं.

"वाटी ल्हान झाली का रं? सोनार म्हनला, एवढ्या चांदीत एवढीच व्हती."

"नाही मावशी," मी म्हणालो, "बरोबर झाली."