उलट्या वाटेचं विमान

हे लिहायचं मला काही एक कारण नाही. पण नात वही समोर टाकून बसली आहे, उठू देत नाही, म्हणून लिहितो. दुसऱ्याची फजिती ऐकायला माणसांना एवढं गोड का लागतं, देव जाणे.

तीस वर्षं मी म्हैसूरहून पुण्याला लॉरी नेली. शाळा चौथीपर्यंत, पण रस्ता विचारा. अरसीकेरे, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर. दोन दिवस. त्यात बेंगळूर कुठं येतं? येतच नाही!

पुण्यात भाचीचं लग्न ठरलं. नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायची ती मामानं, आणि तिला मामा मी एकटाच. बायको चार दिवस आधी रेल्वेनं गेली. मी कशाला रेल्वेनं जातोय? नवरीच्या भावानं, प्रसन्नानं, माझं विमानाचं तिकीट काढलं होतं. नऊला सुटणार, साडेदहाला पुणं, मुहूर्त साडेबाराचा. माझा दोन दिवसांचा रस्ता दीड तासात! बायकोला म्हटलं, तू जा धक्के खात, मी इडली खाऊन येतो.

तिकिटावर बेंगळूर होतं, नाही कशाला म्हणू? पण आमच्या लॉरीच्या चिठ्ठीवरही एकाच गावाचं नाव असायचं, माल मात्र वाटेतल्या चार गावांचा उचलायचो. विमानतळ आपल्या म्हैसुरातही आहे. विमान तिकडून येईल, मला घेईल, पुढं जाईल. शहाण्या माणसानं यात विचारायचं काय?

आठ वाजता, फेटा बांधूनच, मंडकळ्ळीला, आमच्या विमानतळावर, रिक्षातून उतरलो. गेटवरच्या शिपायानं तिकीट पाहिलं, फेटा पाहिला, परत तिकीट पाहिलं.

"अज्जा, हे विमान बेंगळूरचं."

"ठाऊक आहे. इथं कधी येतं?"

"इथं येत नाही. तुम्हीच तिथं जायचं."

"किती लांब?"

"चार तास."

दीड तासाच्या विमानाला चार तासांचा रस्ता? तोही उलट्या दिशेला? मी म्हटलं, त्या ड्रायव्हरला फोन लाव, पाच मिनिटं खाली उतर म्हणावं, सामान एकच पिशवी आहे. शिपायानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि रिक्षावाल्याला हळूच विचारलं, घरी कोण असतं यांच्या?

साडेबाराला घरी बसून फोनवर लग्न पाहिलं. माझ्या जागी भाचीचा हात धरून माझी बायको चालली होती, मान अशी ताठ की तीस वर्षं लॉरी तिनंच हाकली. भाचीनं फोनकडं बघून "मामा" म्हटलं. मला तोंड दाखवेना. मी फोन छताकडं फिरवला.

आता सगळे मलाच हसतात. पण खरी चूक कुणाची? "मामा, बेंगळूरहून बसायचंय, आदल्या दिवशीच निघा," असं प्रसन्नानं तीनदा फोन करून बजावलं. तिन्ही वेळा मी, मला रस्ता शिकवू नकोस म्हणून फोन ठेवला. मग चौथ्यांदा करायला काय झालं होतं? माझी माफी अजून मागायची राहिली आहे, ती त्या प्रसन्नानं.