सिस्टरचं जंगलातलं गाव

निजामाविरुद्धच्या पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या एका हिवाळ्यात परभणीला डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. तिथं आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. मान हलवायची नाही, उठायचं नाही. दिवसभर रानात राबणाऱ्या बाईला ही शिक्षाच होती. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली, म्हणून सोबतीला मी.

औषध-गोळ्या द्यायला परदेशातून आलेली एक नन यायची. सगळे तिला सिस्टर म्हणत. इथं राहून ती मोडकं मराठी शिकली होती. आईनं पहिल्याच दिवशी तिला गाव विचारलं.

"दक्षिण अमेरिकेत. बोलिव्हिया. लय दूर, जंगलात."

"तिथं जवारी पिकती का?"

"नाही, मका."

त्या दिवसापासून आई तिच्या पावलांची वाट बघू लागली. पावसाळ्यात त्या गावाची वाट बंद पडते, मधोमध मोठं मैदान आणि लाकडी खांबांचं चर्च आहे, गाव पाद्र्यांनी वसवलं, हे सगळं तिनं एकेक करून काढून घेतलं.

"पाद्र्यायच्या आधी तिथं कोण व्हतं?" एकदा तिनं विचारलं.

सिस्टर म्हणाली, "माझ्या आईचे लोक. फार पूर्वी रानात फिरायचे. पाद्र्यांनी एका जागी आणले. काही खुशीने आले, काही भीतीने. मग स्पेनच्या राजाने पाद्र्यांनाच हाकललं."

"मग गाव उठलं?"

"नाही. लोक राहिले. पाद्र्यांनी शिकवलेलं व्हायोलिन अजून स्वतः बनवतात, वाजवतात."

आई म्हणाली, "आमच्याकडं बी निजाम गेला, पर कचेरीतली बोली आजून उर्दूच हाय."

पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टरांनी बोटं दाखवली. आई म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. सिस्टर कुठं हाय?"

सिस्टर पुढं आली. आई बघतच राहिली.

"आगं, ही तर आपल्यासारखीच सावळी! मी गोरी मडम समजत व्हते."

सिस्टर खळखळून हसली. आईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि गावाकडचं एखादं गाणं म्हणायला लावलं. खाटेच्या कडेला बसून सिस्टरनं हलक्या आवाजात म्हटलं. शब्द कळले नाहीत, पण आजूबाजूच्या खाटा शांत झाल्या.

"हे पाद्र्यायचं, का तुमच्या आईच्या लोकायचं?"

सिस्टरनं विचार केला. "आता कुणालाच सांगता येत नाही."

"बरं, मग आजून एकदा म्हणा," आई म्हणाली.