‘पुढे वाचा’खाली राहिलेलं काकड

“आईची जीभ सुजलीय. लाळ गळतेय. तिला बोलता येईना,” फोनवर एक मुलगी रडत होती. “तुमच्या ब्लॉगवर वाचूनच भाजी केली हो मावशी.”

मी लोणावळ्याच्या बाजारात भाजीच्या पाटीपाशी बसले होते.

“कंची भाजी?”

“शेवळं.”

“काकड घातलं व्हतं?”

“काय घातलं?”

पुढं विचारायची गरज उरली नाही.

“श्वास घेतीया का?”

“घेतेय, पण घरघर होतेय. ताक पाजू का? मिठाचं पाणी देऊन उलटी काढू?”

“काय बी पाजू नगं. उलटी काढू नगं. बसती ठेव, आडवी पाडू नगं. गाडी बघ आन् दवाखान्यात ने. रडायचं ते तितं जाऊन रड.”

फोन बंद झाला. मी पाटी तशीच शेजारणीच्या हवाली केली आणि घरी निघाले.

मुलीचं नाव शुभांगी. नवलाख उंबरे गावातल्या एका कंपनीत कामाला, मूळची परभणीकडची. घरात ती आणि आई, तिसरं कुणी नाही. हे मला नंतर कळलं. त्या वेळी माझ्याजवळ फक्त तिचा नंबर होता.

माझा धंदा रानभाज्यांचा. लोणावळ्याजवळच्या औंढे गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. रानातून भाजी आणायची आणि लोणावळ्यात विकायची, यातच जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत. ब्लॉग माझी सून मनीषा हिनं काढून दिला. ती भाड्यानं बंगले देणाऱ्यांच्या वेबसाईट करते. मी फोनपुढं बोलते, फोन लिहितो, चुकलेलं मी दुरुस्त करते.

शेवळ म्हणजे पावसाच्या तोंडावर जमिनीतून निघणारा जांभळट कोंब. चवीला फार चांगला, पण अंगचा खाजरा. आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकड घालून नीट शिजवायचं. काकड हे लहान, हिरवं, आंबट फळ. त्यानं खाज मरते. ते नसेल तर घसा खाजतो, एखाद्याला सूज येते. आमच्याकडं शेवळाच्या जुडीबरोबर काकडं न मागता देतात. गिऱ्हाईक उठून निघालं की मागून हाक मारायची, “काकड टाक गं, विसरू नगं.” सांगायचं असतं ते शेवटी. ब्लॉगवरही मी तसंच सांगितलं होतं. आधी निवडणं, चिरणं, फोडणी. शेवटी पिवळा भाग आणि काकड.

शुभांगीला शेवळं मिळाली ती कुणा ओळखीच्या बाईनं शेतातून आणून दिलेली. जुडी नाही, काकडं नाहीत, मागून हाक मारणारं कुणी नाही.

त्याच आठवड्यात मनीषानं ब्लॉगची थीम बदलली होती. थीम म्हणजे ब्लॉगचे कपडे. मजकूर तोच, दिसणं वेगळं. फोटो गोल झाले. प्रत्येक भाजीच्या पहिल्या ओळी तेवढ्या दिसू लागल्या आणि खाली ‘पुढे वाचा’ असं फिकट बटण आलं. मी बघून “झ्याक दिसतंय” म्हटलं होतं. एका बटणावरून मात्र आमचं वाजलं होतं. तिनं फोनचं चित्र टाकलं होतं, दाबलं की थेट मला फोन लागतो. मी म्हणाले, “लोक उगा डोकं खातील.” तिनं ते काढलं नाही.

मी घरी जाऊन सांगितलं. मनीषानं फोनवर शेवळाचं पान उघडलं. फोडणीशी मजकूर संपत होता. काकड बटणाखाली.

तिनं फोन बाजूला ठेवला. “आत्या, मी ब्लॉगच बंद करते.”

“बंद करून काय व्हणार? उद्या दुसरीला कुनी शेवळं दिली तर तिनं कुटं वाचायचं?”

“ती बाई मेली तर?”

“मंग दोगी तिच्या लेकीपुढं जाऊन हुबं ऱ्हाऊ. एकटी न्हाई जायाचीस तू.”

ती रडू लागली. मी रडू दिलं. मग भाकरी आणून तिच्या हातात ठेवली. ती खाईना. मी म्हणाले, “उपाशी बसून बटणं निगणार हायेत व्हय?”

शुभांगीचा फोन लागत नव्हता. आम्ही कामाला लागलो. मनीषानं आधी ‘पुढे वाचा’ काढलं. आता पान उघडलं की सगळा मजकूर एका दमात दिसतो. गोल फोटोंत देठाचा खालचा भाग कापला जात होता. तिथंच तर भाजी ओळखायची खूण असते. फोटो परत चौकोनी झाले. मग मी प्रत्येक भाजीचं सांगणं उलटं केलं. काय करू नये ते आधी, फोडणी नंतर. त्या इशाऱ्यावर मनीषानं लाल पट्टी टाकली.

“लई भडक दिसतंय, आत्या.”

“दिसू दे. लगीन न्हाई लावायचं त्याचं.”

तेव्हा ती जराशी हसली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. उचलताना मनीषानं माझा दंड धरला होता.

“मावशी, आईशी बोला,” शुभांगी दवाखान्यातून म्हणाली.

घोगरा, तुटक आवाज आला. “बाई, भाजी चवीला चांगली होती हो. अर्धी उरलीय. ते काकड का काय, ते आता घातलं तर चालेल का?”

“आधी ती कढई उकिरड्यावर उपडी कर!” मी ओरडले. पलीकडं माय-लेकी दोघी हसल्या. मनीषा दाराकडं तोंड करून डोळे पुसत होती.

फोनचं बटण मी ठेवलं आहे. लोक डोकं खातात. खाऊ देत. ब्लॉग लिहिणाऱ्यांना एवढंच सांगते, ज्यानं जिवाला धोका आहे ते पहिल्या ओळीत लिहा. वाचणारा बटण दाबेल यावर विसंबू नका.

शुभांगीनं त्या दिवशी घासभरच खाल्लं होतं, तिची नुसती जीभ चुरचुरली. तिच्या आईचं नाव कौसल्याबाई. सूज उतरल्यावर त्या दवाखान्यातून चालत घरी गेल्या. दोघी जिवंत आहेत.