अताफूवरचे फ्रीजर

तिनिएलूला त्या आठवड्यात एका जागी बसवेना. आभाळ गच्च, सूर्याचा पत्ता नाही आणि अताफू बेटावरच्या बॅटऱ्या रोज खाली खाली चाललेल्या. पॅसिफिकमधल्या त्यांच्या चिमुकल्या टोकेलाऊ देशाने डिझेलला रामराम ठोकून सगळा कारभार उन्हावर आणला, त्याचा केवढा डांगोरा पिटला होता! आता पुन्हा परक्यांपुढे हात पसरायचे? वडीलधाऱ्यांच्या सभेने ठरवलं, दवाखाना चालू राहील, घरोघरचे फ्रीजर बंद. सांगायला तिनिएलूला धाडलं. किनाऱ्यावर मासळीचे वाटे तोच करायचा, त्याचा शब्द कोणी मोडत नसे.

अताफूवर मोठी मासळी एकट्याची नसते. होडी आली की सगळी वाळूवर ओतायची आणि घरातल्या माणसांगणिक वाटायची. पण हेहेगा म्हातारीच्या फ्रीजरचं झाकण उघडलं, तर आत दोन अख्खे कुपा मासे.

"हे कधी आले किनाऱ्यावर?"

"आले होते की. तुझं लक्ष नव्हतं."

"मी तिथेच असतो, मावशे."

"मग डोळे तपासून घे."

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. तिनिएलूचं डोकं फिरलं. "चोर आहात सगळे!" तो भर रस्त्यात ओरडला. "संध्याकाळी सगळं किनाऱ्यावर आणा!" ओरडला खरा, पण मनात भलतंच डाचत होतं. पूर्वी रात्री जनरेटर बंद व्हायचा, मासा ठेवणार कुठे? म्हणूनच तर आपण मासळी वाटून घेत होतो की काय?

घरी आला, तर बायको फ्रीजरला पाठ लावून उभी.

"आपल्यात नुसता बर्फ आहे," लेपेका म्हणाली.

"सरक."

आत चादरीत गुंडाळलेला भला थोरला कुपा होता.

"तेलेसियासाठी ठेवलाय. सहा वर्षांनी येतेय पोर न्यूझीलंडहून. परवा जहाज लागेल."

"अगं, गावाला चोर म्हणून आलोय मी!"

"मग मलाही म्हणा."

ते त्याच्याने होईना. त्याने मासा खांद्यावर टाकला आणि निघाला.

किनाऱ्यावर त्याने आधी तोच वाळूवर ठेवला. "हा माझ्या घरातला," तो म्हणाला. कोणी हसलं नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं. मग वाटे सुरू झाले. स्वतःच्या घराची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "माणसं दोन."

"तीन!" हेहेगा ओरडली. "पोरगी निघालीय ना?"

"पाय वाळूला लागल्याशिवाय वाटा नाही, मावशे."

"अरे, जहाजात असली म्हणून काय परकी झाली? घे तीन!"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. तिनिएलूचा हात तिसऱ्या तुकड्यावर घुटमळला. सगळा गाव बघत होता. त्याने हात मागे घेतला. लेपेकाने दोन तुकडे उचलले आणि त्याच्याकडे न बघता घरी गेली.

जेवताना तिने दोन्ही तुकडे त्याच्याच ताटात वाढले.

"आणि तुला?"

"त्यातला एक माझाच आहे. पोरीला दिला असता, पण फ्रीजर बंद, परवापर्यंत टिकायचा नाही. तुम्हीच खा."