आवाज बसला, तो कोणत्या बसमध्ये?

अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात आमच्या शेजारच्या अप्पांइतका भित्रा माणूस सापडणार नाही, आणि या जिल्ह्याला त्यांच्याइतकं कुणी हसवलेलंही नाही. बाहेरगावचे सूत्रसंचालक त्यांची ओळख 'ग्रामीण विनोदवीर' अशी करून देतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. शहरात बसून विनोद लिहिणाऱ्याला कुणी 'नागरी विनोदवीर' म्हणतं का? पण अप्पांना त्या वेळी मानापमान सुचतच नाही. खुर्ची मोडेल का, या काळजीत ते अर्ध्या बुडावर टेकलेले असतात.

ते कुत्र्याला घाबरतात, पोस्टमनला घाबरतात, सत्काराच्या शालीखाली गुदमरू म्हणून सत्कारालाही घाबरतात. एसटीत ड्रायव्हरच्या मागचीच सीट धरतात, कारण "त्यालेबी घर शे, तो जपीसन चालाडी." कुठल्याही सभागृहात गेले की आधी मागचं दार शोधतात. एकदा रनाळ्याला कार्यक्रम होता. साऊंडवाले रफिकभाई माईक लावत होते आणि अप्पा दोन हात लांब उभे राहून विचारत होते, "भाऊ, यानामा करंट तं नही ना?" रफिकभाई म्हणाले, "अप्पा, माईक काटता नहीं, पब्लिक काटती है." झालं! अप्पा जे मागच्या दाराने निघाले, ते रफिकभाईंनी गोठ्याजवळून हाताला धरून परत आणले. त्यानंतर रनाळं असं हसलं, की पुढच्या ओळीतल्या एका आजोबांची कवळी मांडीवर पडली.

एवढा भित्रा माणूस लेखक झाला तो एका गाडीमुळे. अप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर गाड्या पुकारायच्या, त्याही छापील मराठीत. "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी" असं ते पुकारायचे आणि कळसाडीच्या म्हाताऱ्या नोंद न घेता तशाच बसून राहायच्या. गाडी निघून जायची. एक दिवस अप्पांना राहवेना. त्यांनी माईकवर सांगून टाकलं, "कळसाडीनी गाडी लागनी शे! ज्यासले जानं शे त्यासनी पळा, ज्यासले नही जानं त्यासनी उगाच पळू नका!" स्टँड हसला, पण म्हाताऱ्यांना गाडी मिळाली. अप्पांना मात्र मेमो मिळाला. लोकांना त्यांच्याच भाषेत सांगितलं म्हणून मेमो! मी असते तर त्या केबिनबाहेर धरणं धरलं असतं. अप्पा साहेबांसमोर लटपटत एवढंच म्हणाले, "साहेब, चूक झाली. सगळे प्रवासी गाडीत बसले." हे बोलणं तालुकाभर पसरलं. लोक गाडी नसतानाही पुकारणं ऐकायला यायला लागले. मग गणपतीत बोलावणी, मग पुस्तकं आणि ती भीतीदायक शाल.

पण अप्पांचा खरा विनोद जन्मला काठी नावाच्या गावी, होळीच्या आधीच्या एका कार्यक्रमात. समोर सगळी डोंगरातली माणसं. घरात त्यांची बोली वेगळी, अप्पांची अहिराणी त्यांना परकीच. पाठ केलेले सगळे किस्से सांगून झाले, एकही चेहरा हलला नाही. अप्पांचे पाय लटालटा कापायला लागले. माईकचा दांडा धरला, तर तोही कापायला लागला आणि कर्ण्यातून खडखडाट सुरू झाला. शेवटी तोंडातून खरं निघालं, "माले भ्याव लागस!" पुढे बसलेली एक म्हातारी उठली, मंचावर आली आणि तिने सरळ अप्पांचे दोन्ही गुडघे घट्ट धरून ठेवले. अख्खं मैदान हसत सुटलं. अप्पा सांगतात, "त्या दिनले कळनं, भ्यावले भाषा लागत नही." तेव्हापासून ते दर कार्यक्रमाची सुरुवात याच वाक्याने करतात. लोकांना वाटतं ती युक्ती आहे. ती युक्ती नाही.

मी मोर्च्यांसाठी लिहिते ती पत्रकंही त्यांनीच सुधारली. मी 'धिक्कार असो'शिवाय परिच्छेद सुरू करत नसे. अप्पा वाचायचे आणि हळूच म्हणायचे, "माय, वाचनारालेच तू दम दी ऱ्हायनी. घाबरेल मानूस घर जास, मोर्चामा येत नही. त्याले थोडं हासाड, मंग तो उभा ऱ्हाई." मी भांडायचे. मग गुपचूप एक धिक्कार खोडायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा घसा धरला. आम्ही हळद-दूध सुचवलं. अप्पांनी त्याचाही किस्सा केला: "जलमभर लोकेसले बसमा बसाडं, आते मन्हा आवाज बसना. कोनती बसमा बसना, ते तेवढं सापडी नही ऱ्हायनं!" लोक पोट धरून हसले. मी पहिल्या रांगेत होते. मला त्यांच्या मानेची ताणलेली शीर दिसत होती, म्हणून मी हसले नाही.

स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशनला सुरत गाठावी लागली, कारण आमच्या घशांची सोय आमच्या जिल्ह्यात नाही. याच्यावर मी वेगळं पत्रक काढलंय, तिथे धिक्कार ठेवलाय. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही, पण आवाज कसा येईल, किती येईल, येईल की नाही, सांगता येत नाही. तोवर एक शब्दही बोलायचा नाही. उंदराला घाबरणारे अप्पा ऑपरेशनला मात्र गुमान गेले. तेच बघून मला जास्त भीती वाटली.

आता डॉक्टरांनी बोलायला परवानगी देऊन बरेच दिवस झालेत. अप्पा बोललेले नाहीत. ओसरीवर बसतात, मान हलवतात, चहाचा कप पुढे करतात. गल्लीत कुणी "कसं काय अप्पा?" म्हणत नाही, कारण त्यांना उत्तर द्यावं लागेल. मी त्यांच्या बायकोला, जिजीला, स्वयंपाकघरात गाठून विचारलं, तुम्ही तरी त्यांना बोला म्हणा ना. जिजी भाकरी थापायची थांबली. "मीबी म्हनत नही माय. त्यासनी तोंड उघाडं, आन आवाज दुसराच कोनाना निंघना तं? मंग मी कोनासंगे ऱ्हाऊ?"

मी कलेक्टर कचेरीसमोर ओरडलेली मुलगी आहे. उत्तर मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवते. काल मी अप्पांपुढे बसले आणि बकरी चुकून एसटीच्या टपावर चढल्याचा त्यांचाच किस्सा मुद्दाम चुकीचा सांगितला. बकरीच्या जागी म्हैस घातली. अप्पा अस्वस्थ झाले. मी शेवटही बिघडवला. त्यांनी कप खाली ठेवला, एक बोट वर केलं, घसा हलला, ओठ उघडले.

मी झटकन उठले. "येते अप्पा," म्हणाले, आणि चप्पल न घालताच गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेले. मागे वळून ऐकलं नाही.