राबाची माती

माझ्या थोरल्या साडूंइतका मातीवर संशय घेणारा माणूस महाड-पोलादपुरात दुसरा झाला नाही, यावर मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. आणि हा गृहस्थ मूळचा कुडपणचा, शेतकऱ्याचा मुलगा! बापाने नि आज्याने जन्मभर ज्या मातीत हात घातले, ती माती हे चिमट्याने उचलायचे. नोकरी आरोग्य खात्यात. गावोगावच्या विहिरींत टीसीएल पावडर टाकून पाणी शुद्ध करायचं, हे काम. तीस वर्षांत त्या पावडरीचा वास त्यांच्या अंगातच मुरला होता. ते आमच्या आळीत शिरले की ही स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "भावजी आले वाटतं."

शतक संपायला दोन-तीन वर्षं उरली होती, तेव्हा त्यांचा कुंड्यांचा नाद अगदी भरात होता. एखादं झाड मेलं की ती कुंडी आधी कोरडी खरवडायची, मग काथ्याने घासून तिच्यावरचे क्षारांचे पांढरे डाग काढायचे, मग दिवसभर टीसीएलच्या पाण्यात बुडवायची, तीनदा धुवायची आणि कंपाउंडच्या भिंतीवर उन्हात उपडी घालायची. तेलाचा डबा असो की फुटकी बादली, कुणालाही सूट नव्हती. खुरपं तर ते जुन्या पातेल्यात, इंजेक्शनच्या सुया उकळाव्यात तसं उकळायचे. समोरचे ट्रकवाले चाचा रोज विचारायचे, "काय साहेब, आज कुणाचं ऑपरेशन?" साडू हसत नसत. "चाचा, मागचं झाड कशानं मेलं ते कुंडी सांगत नाय," एवढं म्हणून पुन्हा घासायला लागत. एकदा आमच्याकडची मिरचीची रोपं मुळाशी काळी पडून आडवी झाली. साडू समाचाराला आले, रोपांकडे वाकून बराच वेळ पाहिलं आणि मातीसकट कुंडी पिशवीत बांधून घेऊन गेले. आठ दिवसांनी परत आणली ती इतकी स्वच्छ की ही म्हणाली, "आता हिच्यात लोणचंच घालते."

एवढा संशय होता, तर जुनी माती फेकून नवी आणावी की नाही? तेही नाही. कुडपणला कातळावर त्यांच्या आज्याने डोक्यावरून माती वाहून वाफे केले होते. "माती टाकायची नसते, साडूभाऊ. भाजायची असते," असं ते म्हणत. आमच्याकडे भाताचं बी पेरण्याआधी राब भाजतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेण, वाळल्या फांद्या, पाला-गवत यांचे थर द्यायचे, वर बारीक माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवून सावकाश जळू द्यायचं. जमिनीतली कीड आणि तणाचं बी जळून जातं. साडू हाच राब महाडमध्ये, घरामागच्या अंगणात, पत्र्यावर, कुंडीभर मातीसाठी भाजायचे. तेवढ्याने समाधान झालं नाही तर वर उकळतं पाणी ओतायचे, आणि मग काळ्या प्लास्टिकखाली मे महिन्याचं ऊन द्यायचे. कैदी सोडावा तशी ती माती कुंडीत यायची. आम्ही लग्नाकार्यात त्यांच्या नकला करायचो. मीसुद्धा केल्या आहेत, आणि त्याची मला आज लाज वाटते.

कारण हा नाद हौसेचा नव्हताच. ताईला, म्हणजे हिच्या मोठ्या बहिणीला, रक्ताचा कर्करोग झाला होता. मुंबईला उपचार चालू होते. औषधांनी अंगातली ताकद पार जाणार, साध्या बुरशीनेही जिवावर बेतेल, तेव्हा ओली माती आणि कुंड्या घराबाहेर काढा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईचे केस गेले, चव गेली, ती काही बोलली नाही. पण तिच्या अबोलीच्या कुंड्या फाटकाबाहेर गेल्या तेव्हा ती ओट्यावर बसून रडली. "चाललंय ते सगळं जाऊ दे. पन माती पन सोडायची, तर मग मी उरले कशाला?" असं ती नवऱ्याला म्हणाली. साडूंनी त्या दिवशी तिला शब्द दिला, "माती मी धुऊन देतो. लाव तू तुझ्या हातानं." पुढे त्यांनी दोनदा मुंबईला जाऊन डॉक्टरांना विचारलं की, माती किती भाजली म्हणजे चालेल? डॉक्टरांनी पहिल्यांदा समजावलं, दुसऱ्यांदा ते वैतागले. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असं स्पष्ट सांगितलं. हमी मिळेना म्हणून साडू स्वतःच ती तयार करायला बसले.

आणि नेमकी तिथेच घोडचूक झाली. एका सकाळी अंगणात राब धुमसत होता, वारा फिरला आणि सगळा धूर ताईच्या खोलीत शिरला. तिचा खोकला थांबेना. आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. न दिसणाऱ्या जंतूंच्या मागे वर्षभर हात धुऊन लागलेल्या माणसाला डोळ्यांसमोरचा धूर दिसला नव्हता! दवाखान्याच्या व्हरांड्यात मला म्हणाले, "दिसत होता ओ. पन आमच्यात राबाच्या धुराला धूर कोन म्हनतं? तो दिसला की पोरंबाळं खूश होतात, पेरनी आली म्हनून."

त्यानंतर त्यांनी माती कुडपणला नेऊन भाजायला सुरुवात केली. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे मिळेल ते वाहन आणि राहिलेली चढण पायी, खांद्यावर पोतं. कंडक्टरने विचारलं, "पोत्यात काय हाय?" हे म्हणाले, "माती." "डोंगरावरची संपली काय?" "नाय, ही भाजायला नेतोय." कंडक्टरने निमूटपणे तिकीट फाडलं आणि दुसऱ्या उतारूंना सांगितलं, त्या काकांच्या शेजारी बसू नका. पाच-सहा खेपांत मिळून तीन कुंड्यांची माती झाली. ती इतकी भाजलेली होती की तिला मातीचा वासही उरला नव्हता.

श्रावणात ताईला जरा बरं वाटलं. एका सकाळी आम्ही दोघं गेलो होतो, तेव्हा तिने ओट्यावर बसून अबोलीची रोपं लावली. तोंडाला फडकं होतं, हातात रबरी मोजे होते. एक रोप लावून झालं आणि तिने साडूंकडे नुसतं पाहिलं. ते पुढे झाले आणि त्यांनीच तिचे मोजे उतरवले. मग ताई कोपरापर्यंत हात मातीत घालून बसली. हसत होती, हिला म्हणत होती, "अगो, गरम हाय अजून!" माती गार होऊन दोन महिने झाले होते.

दिवाळीनंतर ताई गेली. आजारानेच गेली, मातीचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर साडू ओट्यावर एकटेच बसले होते. मी शेजारी बसलो. मला वाटलं, मोजे काढल्याचं मनाला लावून घेतलं असेल, म्हणून डॉक्टरांचं बोलणं मी पुन्हा सांगू लागलो. त्यांनी हाताने थांबवलं.

"ते कळलंय मला," ते म्हणाले. "तिनं मातीत हात घातला ना, तेव्हा मी दहा मिनटं मोजत होतो. जास्त नको म्हनून घड्याळाकडं बघत होतो. ती हसत होती म्हनं. तुमची बायको सांगते. मी बघितलंच नाय ओ."

मी ते पाहिलं होतं. मग ती कशी बसली होती, काय म्हणाली, कशी हसली, हे मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी पुन्हा सांगायला लावलं.