आमच्या जावयांचं ‘होतंय’

आमच्या जावयांइतका वाट बघण्यात तरबेज माणूस मराठवाड्यात दुसरा नसेल. आणि वाट बघण्याचा पगार घेणारे तर ते एकटेच. मी चौथी शिकलेला. तीस वर्षं पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हवर काढली. माझ्या हातातली चावी फिरली की हर्सूलकडच्या नळांना पाणी, नाही फिरली तर नाही. मधलं काही मला माहीत नव्हतं. जावयांचं सगळं आयुष्य मधल्यातच. मुलगी पसंत आहे का विचारलं तर म्हणाले, “आईला विचारलंय, उत्तर यायचंय.” आई शेजारच्याच खुर्चीत बसलेली. लग्नानंतर वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा घरच्यांनी कोथिंबिरीला पाठवलं तर वाटेतून फोन, “निघालोय.” दुकानातून फोन, “जुडी अजून हातात नाही.” कोथिंबीर नाहीच मिळाली तर तोंड लपवायचं सोडून कारणासकट कळवणार, “फसलं. आज गाडीच आली नाही.”

एकदा त्यांनी मला आपला कॉम्प्युटरचा धंदा समजावला. “मामा, प्रोग्रॅमच्या पोटात एक कोठार असतं. कोठारात जे आहे तेच पडद्यावर दिसतं. आत थेट हात घालायचा नाही, चिठ्ठी पाठवायची. काही चिठ्ठ्यांचं काम बाहेरच्या कॉम्प्युटरकडं असतं, त्याचं उत्तर यायला वेळ लागतो. तोवर कोठारात खोटं लिहायचं नाही. आधी ‘होतंय’, मग ‘झालं’ नाहीतर ‘फसलं’.”

“एवढ्यासाठी इंजिनियर लागतो व्हय?” मी म्हटलं.

“एवढ्यातच सगळे चुकतात, मामा.”

पुढं दुष्काळाची सालं आली. शहर चारी अंगांनी वाढत होतं, नव्या इमारती उठत होत्या आणि आमच्या वसाहतीचे बोअर एकामागून एक आटत होते. जावयांनी टँकर मागवायची वेबसाइट करून दिली. बटण दाबलं की पडद्यावर ‘होतंय’ यायचं आणि टँकरवाल्याचं उत्तर येईपर्यंत बटण गोठायचं. वसाहतीचा अध्यक्ष मी. मला तो शब्द बघवेना. उभ्या जन्मात प्रत्येक कचेरीच्या खिडकीवर मी ‘होतंय’ ऐकलेलं, आणि होतंय म्हणजे होत नाय, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. मी हुकूम सोडला, हे काढा.

“मामा, ते काढलं तर बटण मोकळं राहील. लोक परत परत दाबतील.”

“आपल्या वसाहतीत अडाणी कुणी राहत नाही, जावईबापू.”

सासऱ्याचा मान म्हणून त्यांनी काढलं.

शेवटच्या गल्लीत सुमनबाईंची खानावळ. क्लासला आलेली पंचवीस पोरं तिच्या डब्यावर. त्या आठवड्यात तिची टाकी दोन दिवस कोरडी होती. संध्याकाळचा डबा चुकला तर पोरं दुसरी खानावळ धरणार, हे तिनं मला सकाळीच येऊन सांगितलं होतं. मी म्हटलं, आज पाणी तुझ्या दारात. मग आत जाऊन आधी स्वतःच्या टाकीसाठी बटण दाबलं. पडदा ढिम्म. पुन्हा दाबलं. माणूस हाकेला ओ देत नसला तर आपण परत हाक मारतोच. तिसऱ्यांदा दाबलं आणि जाऊन पारावर बसलो. जावयाचा कॉम्प्युटर मी कसा ताळ्यावर आणला हे रंगवून सांगत होतो, तर रस्त्यावरून पाण्याचा ओहोळ पायाशी आला. “कोण रे हा नालायक, दुष्काळात पाणी सांडतोय?” असं मी खड्या आवाजात म्हटलं आणि ओहोळाच्या उलट्या बाजूनं चालत गेलो. चालत चालत माझ्याच दारात पोचलो.

टँकरचा पाइप माझ्या भरून वाहणाऱ्या हौदात. ड्रायव्हर म्हणाला, “चाचा, आज के तीनों टँकर आपकेच नाम पे हैं. ये दूसरा है, तीसरा पीछे खडा है.” त्या दिवशी वसाहतीच्या वाट्याला तीनच होते. तिसरा मी सुमनबाईंकडं वळवायला सांगितला, पण तोवर तिच्या गल्लीत खोदकाम सुरू झालेलं. गाडी आत जाईना. मग जावयांनीच स्कूटरला कॅन बांधले आणि आमच्या हौदातून तिच्या पिंपात खेपा सुरू केल्या. डबे गेले, तासभर उशिरा. तरी सहा पोरं तुटलीच.

संध्याकाळी लोक जमले. कुणाची चूक, असा प्रश्न निघाला. जावई म्हणाले, “माझी. बटण मोकळं मी ठेवलं.” मी टोपी नीट केली.

दुसऱ्या दिवशी सुमनबाईंकडं गेलो आणि खरं काय ते सांगितलं. पीठ मळता मळता ती म्हणाली, “जावयाला बोलला का?”

“त्यांना माहीतच आहे की.”

“मग मला कशाला सांगता, भाऊ? त्यांना सांगा.”

तसाच वर गेलो. ते खांद्याला मलम चोळत बसले होते. मी म्हटलं, “जावईबापू.” त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, “पाणी जपून वापरा.” आणि खाली आलो.

आता लेक-जावई पुण्याला. वरच्या खोलीत मी कधीमधी खिडक्या उघडायला जातो, बसतो थोडा वेळ. समोर बसून सांगायचं ते राहिलं. म्हणून इथं लिहितो, लेक वाचून दाखवील: तो शब्द काढायला मी लावला होता, जावईबापू, आणि बटण तीनदा दाबणारा हातही माझाच.